‘चार सूती’ बोल्ट आणि आटे ओळखण्याची साधने

मा. संपादक,

स. न. वि. वि.

खरिपाच्या तोंडावर अवजारांच्या देखभालीविषयी आपल्या दैनिकात दरवर्षी उपयुक्त मजकूर येतो. ऑइल कधी बदलावे, बेअरिंगला ग्रीस किती भरावे, पेरणीयंत्राचे फण कसे तपासावेत, हे सारे त्यात असते. मात्र ज्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपायी ऐन पेरणीत ट्रॅक्टर वावरात उभा राहतो आणि कास्तकाराला तालुक्याच्या गावी दोन-दोन फेऱ्या माराव्या लागतात, त्या बोल्टाच्या आट्यांविषयी त्यात कधी काही वाचल्याचे मला आठवत नाही. आर्वी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी गेली तीसेक वर्षे अवजार-दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. कोणता बोल्ट मजबूत हे सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण हातातला बोल्ट कोणत्या आट्यांचा आहे हे ओळखायचे कशाने, आणि त्यासाठी कोणते साधन विकत घ्यायचे, याचा विचार होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गोंधळाची सुरुवात बोल्ट मागण्यापासूनच होते. जुना माणूस ‘चार सूती’ बोल्ट मागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. परंतु घराच्या सळईच्या बाबतीत चार सूत म्हणजे १२ मिलिमीटर हे समीकरण आता इतके रुळले आहे की दुकानदार बोल्टालाही तोच हिशेब लावतो. सळईला नटात शिरायचे नसते, बोल्टाला शिरायचे असते, एवढा फरक त्यात राहून जातो. तरुण मेकॅनिक पान्याच्या नंबरावरून मागतो आणि ‘१९ चा बोल्ट द्या’ म्हणतो. ते माप डोक्याचे असते, आट्यांचे नव्हे. १९ चा पाना १२ मिलिमीटरच्या जुन्या धाटणीच्या बोल्टालाही बसतो आणि अर्धा इंची बोल्टालाही बसतो, कारण त्याचे डोके पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे असते. शिवाय आजकालच्या १२ मिलिमीटरच्या कित्येक बोल्टांचे डोके १८ चे येते. तेव्हा पान्याच्या नंबरावरून बोल्ट मागणे म्हणजे टोपीच्या मापावरून चप्पल मागण्यासारखे आहे.

हे दोन्ही प्रकार आपल्याकडे एकत्र का नांदतात, याला कारण आहे. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या कोनाचे इंची आटे सुचवले. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन पुढे केला. आणि दुसऱ्या महायुद्धात सुट्या भागांचे हाल झाल्यावर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांनी ६० अंशांचे समाईक इंची आटे मान्य केले. त्यांतल्या जाड आट्यांना यूएनसी आणि बारीक आट्यांना यूएनएफ म्हणतात. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली खरी, पण परदेशी आराखड्यांवरून इथे बनलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत इंची आटेच राहिले, आणि ते ट्रॅक्टर आमच्या भागात अजून चालतात. त्यांच्या मागे जोडलेला रोटाव्हेटर मात्र मेट्रिक बोल्टांचा असतो. एकाच गाडीवर दोन पंथांचे आटे, आणि दोन्ही एकाच डब्यात टाकलेले.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगतो. एका कास्तकाराच्या जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या साखळीच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट रस्त्यात पडला. भोकातले आटे अर्धा इंची, बारीक, म्हणजे इंचाला २० होते. त्याने दुसऱ्या दुकानातून बोल्ट आणला, तो निघाला १२ मिलिमीटरचा, सव्वा पिचचा, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर सव्वा मिलिमीटर असलेला. ‘भाऊ, बसून राह्यला ना बराबर, ने मंग,’ असे त्याला सांगण्यात आले होते, आणि बोल्ट हाताने सरसर जातही होता. इंचाला २० आटे म्हणजे १.२७ मिलिमीटरची पिच. सव्वा पिच म्हणजे १.२५. एवढ्याशा फरकाने बोल्ट अडत नाही. पण बोल्ट जवळजवळ पाऊण मिलिमीटरने बारीक असल्यामुळे आट्यांचे फक्त शेंडे एकमेकांना टेकलेले होते. पान्याने घट्ट आवळताच तो मोकळा फिरू लागला आणि बिडाच्या भोकातले आटे भुशासारखे बाहेर आले. ती गाडी माझ्याकडे आली तेव्हा भोक मोठे करून नवे आटे पाडण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्यात पेरणीचा दीड दिवस गेला. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे मोजायला काही नव्हते, इतकेच.

याच्या अगदी उलट प्रकार अडीच सूती आणि आठ मिलिमीटरच्या बोल्टांत होतो. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, दुसरा ८ मिलिमीटरचा. व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायचे सरकत्या जबड्याचे साधन, लावला तरी दोन्ही पावणेआठ ते आठच्या दरम्यानच दाखवतात, कारण बोल्टाचा बाहेरचा व्यास नावाच्या मापापेक्षा नेहमीच थोडा कमी असतो. फरक आहे तो पिचमध्ये : जाड आट्यांच्या अडीच सूतीला इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१ मिलिमीटर, आणि आठच्या नेहमीच्या बोल्टाला १.२५. इथे बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. मग घाईतला माणूस पान्याला पाइप लावतो आणि पुढचे सांगायला नको.

हे दोन दाखले मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. पिच मोजायला दातेरी पात्यांचा पिच गेज मिळतो. पहिल्या ठिकाणी पिच गेज जवळजवळ आंधळा असतो आणि व्हर्नियर खरे सांगतो. दुसऱ्या ठिकाणी व्हर्नियर आंधळा असतो आणि पिच गेज खरे सांगतो. म्हणून ‘दोघांपैकी कोणते एक घेऊ’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘दोन्ही’ असेच आहे, आणि दोन्हींत मिळून जे पैसे जातात ते एका फसलेल्या भोकाच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहेत.

पिच गेज घेताना त्याच्या पात्या उघडून पाहाव्यात. नुसता मेट्रिक गेज आपल्या भागात अर्धाच उपयोगी आहे. एका टोकाला ६० अंशांच्या मेट्रिक पात्या आणि दुसऱ्या टोकाला ५५ अंशांच्या इंची पात्या असा जोडगेज मिळतो, तो घ्यावा. प्रत्येक पातीवर आकडा ठळक कोरलेला आहे ना, आणि पाती उघडल्यावर डुलत नाही ना, हेही पाहावे. पुसट आकड्यांचा स्वस्त गेज दोन पावसाळ्यांत गंजून मुका होतो. वापरण्याची रीत सोपी असली तरी घाई चालत नाही. आधी आटे तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करावेत, पाती बोल्टाच्या लांबीला समांतर ठेवावी आणि दोन्ही उजेडासमोर धरावीत. सर्व दाते तळापर्यंत बसून मधून उजेड दिसला नाही तर पाती जुळली. पहिले तीन-चार दाते जुळतात आणि पुढे पाती आट्यांवर चढत जाते, तेव्हा ती पाती शेजारची असते, बोल्टाची नव्हे. यूएनसी आणि यूएनएफ आट्यांना ५५ अंशांची पाती लावली तर कडेला बारीकशी फट दिसते. ती कोनाची फट असते, आट्यांची संख्या मात्र तरीही बरोबर कळते. जाड आट्यांच्या अर्धा इंची बोल्टाला १२ ची पाती जुळली तर तो व्हिटवर्थचा आणि १३ ची जुळली तर यूएनसीचा, एवढ्यावर निकाल लागतो.

व्हर्नियर १५० मिलिमीटरचा पुरतो. डिजिटल घेतला तर एका बटणाने इंच आणि मिलिमीटर बदलता येतात, ही सोय आमच्या कामात मोठी आहे; पण सेल संपला की तो ठोकळा होतो, त्यामुळे मी स्वतः साधा, ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा वापरतो. प्लास्टिकचा घेऊ नये. माप आट्यांच्या शेंड्यांवर घ्यावे आणि झिजलेले टोक सोडून डोक्याजवळ घ्यावे. १२ चा चांगला बोल्ट ११.७ ते ११.९७ दाखवतो, ‘बारा भरत नाही’ म्हणून तो परत करायला आलेले लोक मी पाहिले आहेत. मोजण्याआधी बोल्टाच्या डोक्यावर एक नजर टाकावी. ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर बोल्ट मेट्रिक. तीन किंवा सहा उभ्या रेषा मध्यापासून कडेकडे गेल्या असतील तर बहुधा इंची.

तारेत ओवलेल्या नट-बोल्टांची माळही आता मिळते, तिच्यावर मापे लिहिलेली असतात. काउंटरवर ती फार कामाची, कारण तिथे शिकवावे लागत नाही, फिरवून पाहिले की झाले; पण गंजलेला, ठेचलेला बोल्ट तिच्यात घालू नये, एका वर्षात माळच खराब होते. गो-नोगो गेज आणि आट्यांचा मायक्रोमीटर ही कारखान्यातली तपासणीची साधने आहेत, आट्यांची ओळख पटवायची नव्हेत. त्यांत पैसे घालू नयेत. मोबाइलवर बोल्टाचा फोटो पाठवून ‘हा द्या’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, तिच्याविषयी न बोललेले बरे.

ज्याच्याकडे काहीच नाही त्यानेही हताश होऊ नये. माप ठाऊक असलेला एक बोल्ट आणि अनोळखी बोल्ट एकमेकांना चिकटवून, आट्यात आटे घालून उजेडासमोर धरावेत. पिच एक असेल तर दोघांमधून उजेड येत नाही. भोकातले आटे ओळखायला पातीपेक्षा हीच पद्धत चांगली : आधी पाती आणि व्हर्नियर लावून ओळख पटवलेला बोल्ट भोकात हाताने शेवटपर्यंत जातो का आणि डुलतो का, हे दोन्ही पाहायचे. वर सांगितलेल्या ट्रॅक्टरवर बोल्ट शेवटपर्यंत गेला होता, पण डुलत होता, ते कुणी पाहिले नाही.

पाइपाच्या आट्यांचा घोळ निराळा आहे आणि संत्र्याच्या बागांत व तुषार संचांवर तो रोज दिसतो. ‘अर्धा इंची’ फिटिंगचे आटे बाहेरून मोजले तर २०.९५ मिलिमीटर भरतात, पाऊण इंचीचे २६.४४ आणि एक इंचीचे ३३.२५, कारण ते नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडले आहे. आपल्याकडचे हे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे, आटे ५५ अंशांचे, अर्धा व पाऊण इंची फिटिंगला इंचामागे १४ आणि एक इंचीला ११. परदेशी फिल्टर किंवा व्हॉल्व्ह आला की त्यावर अमेरिकी एनपीटी आटे असण्याची शक्यता असते. अर्ध्या आणि पाऊण इंचाला त्याचेही १४ आटे असल्याने जोड बसल्यासारखा वाटतो आणि टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवत नेले तरी झिरपत राहतो. एक इंचाला मात्र तिथे साडेअकरा आटे असतात, ११ ची पाती लावताच चोरी पकडली जाते.

या सगळ्यावर मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली तालुक्यांतल्या हार्डवेअर दुकानदारांना आणि कृषी सेवा केंद्रांना : काउंटरला साखळीने बांधून एक जोडगेज आणि एक व्हर्नियर ठेवावा, जसा किराणा दुकानात तराजू असतो तसा. आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले गावोगावी आहेत, त्यांनी हा गेज शिकताना हाताळलेला असतो. दुकानदारांना एका दुपारी ती शिकवू शकतील. शेतकरी गटांच्या अवजार बँकांनीही आपल्या पेटीत ही दोन साधने घालावीत. दुसरी विनंती आपल्याला आहे. आपल्या कृषी पुरवणीत एका कोपऱ्यात अडीच सूतापासून सहा सुतांपर्यंतचे इंची बोल्ट, त्यांच्या जवळपासचे मेट्रिक बोल्ट, दोघांचे व्यास आणि पिच असा एक तक्ता छापावा. तो मी कापून, वर प्लास्टिक चढवून माझ्या दुकानाच्या दाराला लावीन. आज तिथे खडूने लिहिलेला आहे आणि पहिल्याच पावसात पुसला जातो.

आपला,
एक दुरुस्ती-दुकानदार,
तालुका आर्वी, जि. वर्धा