विलोचा नाद सोड, निर्गुडी लाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय संजू,

जर्मनीतल्या आउअरश्टेटच्या त्या हिरव्या महालानं तुला चांगलंच झपाटलेलं दिसतंय. मार्सेल काल्बेरर या वास्तुकारानं १९९८ साली शेकडो हौशी माणसं हाताशी धरून तो उभा केला. विलोच्या, म्हणजे क्रिकेटच्या बॅटी होतात त्या जातीच्या झाडाच्या, फांद्यांचे जुडगे रोवले, वाकवून कमानी बांधल्या, आणि भिंतींनाच पालवी फुटली. तसलं काही पन्हाळ्याच्या रानात पोरांसाठी करायचं म्हणतोस. कर की! पण काश्मिरातनं विलोची कलमं मागवायचा बेत आधी डोक्यातनं काढ. थंडीत पानं गाळून झोपणारं झाड ते, आपल्या मे महिन्यात काय तग धरणार?

विलोच्या सालीखाली मुळांचे डोळे आधीच तयार असतात. ओल्या मातीत फांदी खुपसली की ते फुटतात. तिकडं पानझडीनंतर फांद्या तोडतात आणि नवी पालवी यायच्या आत रोवतात. विणतात मात्र तिरकं. उभी फांदी सगळा जोर शेंड्याला लावते, बुडखा उघडा राहतो. तिरकी केली की अंगभर धुमारे येतात, म्हणून ती शंकरपाळ्यांची वीण. बांधायला सुतळी घे. तार घेतलीस तर फांदी जाड होताना सालीत रुतते.

आपल्याकडचा विलोचा भाऊबंद म्हणजे नदीकाठचा वाळुंज. त्याच्याही फांद्यांच्या टोपल्या होतात. पण त्याचे पाय कायम ओलीत लागतात, आणि तुझा माळ होळीनंतर भेगाळतो. लावायचाच तर ओढ्याकडेला लाव, पाइपलाइनपासून लांब. ही मुळं पाण्याच्या वासानं कुठंही शिरतात.

मी तुझ्या जागी असतो तर निर्गुडीच घेतली असती. बांधावर फुकट मिळते, फांदीवरनं लागते, आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. तुझ्या शेजाऱ्याच्या शेळ्या बघता हा गुण लाखमोलाचा! विलोसारख्या लांबसडक काठ्या मात्र तिला येत नाहीत, तेव्हा महाल विसर. पोरं वाकून आत शिरतील एवढं खोपटं होईल, आणि पोरांना तेवढंच हवं असतं.

मिरगाचा पाऊस लागला की अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोड. पहारीनं हातभर खोल भोकं पाडून रोव, बुडात उसाचं पाचट पसर म्हणजे तण दबेल. आतनं कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कांबींचा सांगाडा हवाच, नाहीतर पन्हाळ्याचं वारं पहिल्या पावसातच सगळं झोपवेल. परवा बुरडाच्या दुकानात एक आजी बुट्टीचा काठ वळत होत्या. कांब गुडघ्याखाली धरायची, पाण्याचा हात फिरवायचा, अंगठ्यानं दाबत दाबत पुढं सरकायचं. एकदम वाकवलं की कडाक्कन मोडतं. फांदीलाही तोच हात लागेल.

खरं काम त्यानंतर आहे लेका. दरवर्षी शेंडे छाटायचे, नवे धुमारे खालच्या मोकळ्या जागांत गुंफायचे. एक वर्ष चुकलं की खोपटं जाऊन नुसतं झुडूप उरतं. तू पुण्यात. रानात राहणारा तुझा गडी हे करेल का, ते त्याला आधी विचार. तो हो म्हणाला तर कळव, मी कांबी सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या