जुने चित्रपट दिसेनासे का होतात?

संपादक महोदय,

एखादा जुना चित्रपट कुठेच पाहायला मिळत नाही म्हणजे तो नष्ट झाला असणार, हा समज अर्धाच खरा आहे. १९५१ च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती, शिवाय चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी प्रती जाणूनबुजून मोडीत काढल्या गेल्या. तिच्या जागी आलेली अ‍ॅसिटेटची फिल्मही उष्ण, दमट हवेत कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस दर्प येतो, फीत आकसते आणि कडेची छिद्रे यंत्राच्या दात्यांत बसेनाशी होतात.

परंतु पुष्कळ चित्रपट सुस्थितीत असूनही कुलूपबंद आहेत, आणि मला याचेच अधिक वाईट वाटते. निर्मितीसंस्था बंद पडलेली, हक्क वारसांमध्ये विभागलेले, गाण्यांची परवानगी केवळ चित्रपटगृहापुरती घेतलेली, अशा अवस्थेत संमती नेमकी कोणाची घ्यायची हेच ठरत नाही. स्वामित्वहक्काची मुदत संपली तरी मूळ निगेटिव्ह ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती उपलब्ध करून द्यावी, असे बंधन सहसा नसते (ही बाब फारशी कोणी लक्षातच घेत नाही). ओटीटीचे करारही ठरावीक मुदतीचेच असतात.

हक्कदार सापडत नसलेले चित्रपट, कसून शोध घेतल्यानंतर, लोकांसमोर आणण्याची मुभा युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशाद्वारे चित्रपट-अभिलेखागारांना दिली. तशी स्पष्ट तरतूद सर्वच देशांच्या कायद्यांत व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक