वीसची नोट आणि उरलेले पंधरा

प्रिय शुभे,

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारा तुझा लेक वीसची नोट घेऊन गेला, पाचची पेन्सिल घेऊन आला आणि उरलेले पंधरा दुकानदाराकडेच! वर म्हणतो काय, "आई फोन दाखवते तेव्हा काका कुठं काही परत देतात?" अगं, पोराचं बरोबरच आहे. घरात कुणाला सुट्टे मोजून घेताना त्यानं पाहिलंय कधी?

आमच्या शाळेतली पोरं बाजारात वाढलेली, त्यांची मारामारी अंकांच्या नावांशी. त्रेपन्न म्हटलं की आधी तीन कानावर पडतो, मग पन्नास. मग पाटीवर येतात ३५. एकोणसाठचं तर विचारूच नकोस, ऐकू येतात साठ आणि लिहायचा पाच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांनी परोपरीनं समजावलं, तरी लोकांनी टिंगल केलीच. हसणाऱ्यांत मीही होते. आता वर्गात मीच आधी 'पन्नास तीन' म्हणवून घेते आणि पाठोपाठ 'त्रेपन्न'. बरीच उलटापालट थांबली.

पैशांसाठी मी प्लास्टिकची खोटी नाणी आणत नाही. बिस्किटाच्या डब्यात खरी साठवलीत, तीच सतरंजीवर ओतते. त्यातही गंमत आहे. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं पाचच्यापेक्षा मोठं, त्यामुळे पहिलीतली पोरं हटकून दोनचं उचलतात. मोठं ते जास्त, असा त्यांचा हिशोब, आणि चूक कसा म्हणू? २०१९ च्या नाण्यांत एकपासून दहापर्यंत किंमत वाढेल तसा आकार वाढत जातो, वीसचं तर बाराकोनी केलंय. पण डब्यात जुनी-नवी सगळी सरमिसळ.

एकदा एकीला म्हटलं, एकची दहा नाणी दे आणि ही दहाची नोट घे. दिली खरी, पण नोट उलटीसुलटी करून रडवेली झाली. "बाई, माझे दहा गेले आणि एकच आलं." दशक-एकक शिकवताना आपण काड्यांचे गठ्ठे बांधतो ना, तिथं गठ्ठ्यात काड्या दिसतात तरी. नोटेत दहा रुपये कुठं दिसतात? मग चार दिवस नुसता बंद्याची मोड आणि मोडीचा बंदा, एवढाच खेळ चालला.

पण खरी गोष्ट शाळेत भरवलेल्या बालबाजारातली. चौथीतला आमचा सर्वांत हुशार मुलगा भेळ विकत होता, पंधराला एक प्लेट. गिऱ्हाइकानं पन्नास दिले. यानं वहीत ५० मधून १५ वजा केले: शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाचातून शून्य काढलं, उरले ४५. तेवढे देऊनही टाकले! शेजारी मेथी विकत बसलेली दुसरीतली पोर, तिची आई आठवडे बाजारात भाजी विकते. जुडी पंधराची, समोर पन्नासचीच नोट. तिनं वजाबाकी केलीच नाही. हातावर पाचचं नाणं ठेवलं, "वीस." दहाची नोट ठेवली, "तीस." मग वीसची, "आणि हे पन्नास." ना वही, ना हातचा.

सोळा वर्षं वजाबाकी शिकवतेय मी, शुभे, आणि भाजी घेताना रोज हेच बघत होते. फळ्यावर मांडायचं कधी सुचलं नाही. आता सुट्टे द्यायचे म्हणजे मागं नाही जायचं, किमतीपासून पुढं मोजत यायचं, हेच आधी शिकवते. मांडणी नंतर. भेळवाल्यालाही त्या पोरीशेजारीच बसवलं. आठवडाभर गाल फुगवून होता.

तू एक कर. महिनाभर दूध आणि भाजी रोखीनं घे, आणि सुट्टे त्याच्या हातावर मोजून घे, मोठ्यानं. चुकला तर दुकानासमोर सांगू नकोस, घरी ये आणि पुन्हा मांड. दिवाळीत त्याला घेऊन इकडेच ये. बाजारात मेथीच्या टोपलीमागं बसवते.

तुझी,
मंदा

ता. क. येताना एकची नाणी आण, पन्नास तरी. डब्यातली दर वर्षी कमी होतात, आणि शाळेबाहेरच्या बोरंवालीचा गल्ला वाढतो.