न दुखणारी अक्कलदाढ

संपादक महोदय,

अर्धवट उगवलेली अक्कलदाढ सुजते, ठणकते, म्हणून लगेच तपासली जाते. हाडात पूर्ण गाडलेली मात्र वर्षानुवर्षे गप्प असते. दात तयार होताना त्याच्या मुकुटाभोवती (म्हणजे दाताच्या वरच्या भागाभोवती) पातळ पिशवी असते. दात अडकून राहिला तर तिच्यात पाणी साचून सिस्ट होऊ शकते. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा या तिच्या नेहमीच्या जागा. एक्स-रेवर मुकुटाभोवतीची काळी कड २-३ मिमी असेल तर सहसा चिंता नसते. ५ मिमीच्या पुढे गेली की संशय घ्यावा. (म्हणून प्रत्येक अडकलेला दात उपटायचा, असे नव्हे.)

खटकते ते पुढचे. दाताबरोबर निघालेली पिशवी कधीकधी सरळ कचऱ्यात जाते. अमेलोब्लास्टोमा (जबड्यातली एक गाठ) किंवा केराटोसिस्टही (दुसऱ्या प्रकारची सिस्ट) एक्स-रेवर हुबेहूब तशीच दिसू शकते, आणि या दोन्ही पुन्हा उद्भवतात. तेव्हा पिशवी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायलाच हवी. नुसत्या सलाइनमध्ये ठेवली तर पेशी खराब होतात. रुग्णानेही बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्यावा, आणि एक्स-रेसोबत जपून ठेवावा.

– दोन दंतशल्यचिकित्सक