खासगी बोअरला नियम लागू नाहीत असे सांगून बसवलेल्या स्प्रिंकलरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,
स.न.वि.वि.

फ्लोरिडातल्या जॅक्सनविलमधल्या आमच्या घरी आपल्या कंपनीने बोअर घेतला आणि स्प्रिंकलर बसवले. "बोअर तुमचा स्वतःचा आहे, बागेला पाणी देण्याच्या दिवसांचं बंधन फक्त नळाच्या पाण्याला," असे आपल्या माणसाने सांगितले आणि टायमर रोज दुपारचा लावून दिला. आता शहराची नोटीस आली आहे. आपल्या कार्यालयाचे म्हणणे, नियम वॉटर डिस्ट्रिक्टचे (पाणीवापरावर देखरेख ठेवणाऱ्या प्रादेशिक सरकारी संस्थेचे) आहेत, दाद तिकडेच मागा.

हे उत्तर मला मान्य नाही. 1972 च्या जलसंपदा कायद्याखाली फ्लोरिडात आज पाच वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट आहेत. आम्ही सेंट जॉन्स रिव्हर डिस्ट्रिक्टमध्ये येतो. जमिनीखालच्या पाण्याच्या उपशावर त्यांचा अधिकार चालतो, म्हणून खासगी बोअरही त्यातून सुटत नाही. घड्याळे तासभर पुढे असतात त्या महिन्यांत (साधारण मार्च ते नोव्हेंबर) बागेला पाणी आठवड्यातून दोन दिवस, एरवी एकच दिवस, आणि सकाळी 10 ते दुपारी 4 पाणी बंद. रोज हेच काम करणाऱ्या कंपनीला हे माहीत नसावे?

पण डिस्ट्रिक्टच्या अधिकारालाही मर्यादा आहे. ते उपशाचे परवाने देतात, पाणीटंचाई जाहीर करतात, मालमत्तेवर करही बसवू शकतात. तुमच्या-माझ्यातला करार मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही. चुकीच्या कामाचे पैसे ते मला परत मिळवून देऊ शकत नाहीत. ती जबाबदारी तुमची आहे.

मला सगळ्यात जास्त लागले ते रेन सेन्सरचे, म्हणजे पाऊस पडला की स्प्रिंकलर आपोआप थांबवणाऱ्या साधनाचे. भर पावसात आमचे स्प्रिंकलर चालू होते म्हणून तपासले, तर सेन्सर बसवलेलाच नाही. फ्लोरिडा कायद्याचे कलम 373.62 स्पष्ट आहे: स्वयंचलित यंत्रणेवर काम करणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराने हे साधन तपासायचे, नसेल तर बसवायचे, बिघडले असेल तर दुरुस्त करायचे. इथे डिस्ट्रिक्टकडे बोट दाखवायला जागाच नाही. हे सारे शहर फ्लोरिडन जलधराचे (जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांच्या थराचे) पाणी पिते, आणि आमचा बोअर तुम्ही त्याच जलधरापर्यंत नेला आहे. ते पाणी पावसात गवतावर वाया गेले याचा मला मनापासून राग आहे.

सेन्सर विनामूल्य बसवा, टायमर नियमानुसार लावा, दंड झाल्यास तो भरा आणि केलेल्या तपासणीचा लेखी दाखला द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राज्याच्या कृषी व ग्राहक सेवा विभागाकडे तक्रार दाखल करीन. नोटीस, बिल आणि टायमरचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक