कोड पुसण्याआधी तो मालकाला दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मोटार घेताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी आपल्या दैनिकात अलीकडेच आलेला लेख उपयुक्त होता. टायरची झीज, इंजिनाचा आवाज, विम्याची कागदपत्रे, अपघाताच्या खुणा असे सारे काही त्यात होते. मात्र गाडीत बसवलेल्या संगणकाला चार प्रश्न विचारून घ्यावेत, असे त्यात कोठेही सुचवलेले नव्हते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ही उणीव मला विशेष जाणवली. त्यातही, या संगणकातील माहिती मालकापासून दूर ठेवण्याची जी रीत दुरुस्तीच्या धंद्यात पडून गेली आहे, तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. पुष्कळ गाड्यांत ते झाकणाआड असल्याने मालकांना त्याचा पत्ताच नसतो. हे सॉकेट कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी दिलेले नाही, ते धुराच्या कायद्यातून आले आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण मंडळाने धरलेल्या आग्रहामुळे १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. आपल्याकडे तिचा पहिला टप्पा धुराच्या बीएस-४ (भारत स्टेज) निकषांबरोबर एप्रिल २०१० मध्ये आला. हे निकष ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाले त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन शहरे आपली होती. एप्रिल २०१३ पासून दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला. धूर नियंत्रणात ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला तर चालकाला दिवा लावून कळावे, आणि तो बिघाड कोणत्याही मेकॅनिकला या सॉकेटला जोडायच्या कोणत्याही साध्या स्कॅनरवर वाचता यावा, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच दोष आढळल्यावर संगणक जे सांकेतिक क्रमांक, म्हणजे कोड, नोंदतो त्यांपैकी ‘पी०’ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारखा असतो, तर ‘पी१’ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे असतात.

चेक इंजिनचा पिवळा दिवा सर्वांना माहीत आहे, पण त्याच्या मागे जे साठवलेले असते ते फारच थोड्यांना माहीत आहे. बहुतेक दोष गाडी चालवण्याच्या एका फेरीत आढळले की संगणक ते प्रलंबित म्हणून टिपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा आढळले तरच दिवा लावतो. म्हणजे दिवा लागण्याआधीच स्कॅनरवर दोषाची चाहूल लागू शकते. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान किती होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरील भार किती होता, याचे एक गोठवलेले चित्र तो जपून ठेवतो. चढावर गाडी दम टाकते, पण गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकासाठी हे चित्र फार मोलाचे आहे. यापलीकडे संगणकाने स्वतःच घेतलेल्या चाचण्यांचे निकाल, त्यांच्या किमान-कमाल मर्यादांसह, पाहता येतात, आणि अनेक पेट्रोल गाड्यांत इंजिनातला कोणता सिलिंडर पेट घ्यायला किती वेळा चुकला याची मोजणीही त्यात असते. काही गाड्यांत तर स्कॅनरचीही गरज नसते. १९९८ ते २००६ या काळातील बीएमडब्ल्यूच्या ‘थ्री सीरीज’ गाडीत मीटरवरचे बटण दाबून धरले की तपासणीची एक छुपी यादी उघडते; तिचा बंद भाग उघडण्याची किल्ली म्हणजे चॅसी क्रमांकाच्या शेवटच्या पाच अंकांची बेरीज! मीटरचा काटा मध्यावर स्थिर दिसत असताना पाण्याचे खरे तापमान किती अंशांवर आहे, हे त्या यादीत आकड्यात दिसते. निर्मात्याने काटा मुद्दाम असा निवांत ठेवलेला असतो, कारण तो जरा हलला तरी ग्राहक गाडी घेऊन दारात येतो.

आता खरी अडचण सांगतो. कोड हा नापास झालेल्या चाचणीचे नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचे नव्हे, आणि हे न समजल्यामुळे, किंवा समजूनही, ग्राहकाचा खिसा रिकामा होतो. पी०४२० हा कोड घ्या. सायलेन्सरच्या मार्गातील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरावीक मर्यादेच्या खाली आली, एवढेच तो सांगतो. कन्व्हर्टर खरोखरच संपलेला असू शकतो. पण त्याच्या पुढे एक्झॉस्टला बारीक चीर जाऊन बाहेरची हवा आत शिरत असली, मागचा ऑक्सिजन सेन्सर मंदावला असला, किंवा एखादा सिलिंडर चुकत असल्याने न जळलेले पेट्रोल पुढे जात असले, तरीही हाच कोड येऊ शकतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने सर्व्हिस सेंटरच्या सांगण्यावरून महागडा कन्व्हर्टर बदलून घेतला आणि काही आठवड्यांत दिवा पुन्हा लागला. शेवटी गावातल्या एका मिस्त्रीने जोडावरचे गॅस्केट फुटलेले शोधून काढले. पहिल्या बिलावर फक्त ‘स्कॅनिंग चार्जेस’ आणि सुट्या भागाची किंमत होती. कोणता कोड आला होता, कोणत्या परिस्थितीत आला होता, दुसरी शक्यता तपासली होती का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

ते उत्तर नंतर मिळण्याचा मार्गही उरत नाही, कारण स्कॅनर लावून कोड वाचला की लगेच तो पुसून टाकण्याची सवय सगळीकडे आहे. ‘कोड उडवलाय, आता चालवून बघा’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मोटारमालक विरळा. पुसण्याच्या एकाच आज्ञेने कोडबरोबर ते गोठवलेले चित्र जाते, चाचण्यांचे निकाल जातात आणि संगणकाच्या स्वतपासण्या ‘अपूर्ण’ या स्थितीत परत येतात. रोग्याच्या तपासणीचा कागद त्याच्या हाती न देताच फाडून टाकावा, तसा हा प्रकार आहे. दुसऱ्या मेकॅनिकचे मत घ्यायचे तर त्याच्यापुढे ठेवायला मालकापाशी काहीच राहत नाही.

हीच गोष्ट जुन्या गाडीच्या बाजारात उलट बाजूने कामी येते. चारपाचशे ते हजार रुपयांत मिळणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरील एखादे अ‍ॅप एवढ्या सामग्रीवर विकणारा माणूस ग्राहक येण्याच्या आदल्या रात्री दिवा घालवू शकतो. मात्र अनेक गाड्यांचा संगणक कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती वेळा थंड होऊन पुन्हा तापले, हे मोजत राहतो, आणि तेच अ‍ॅप हे आकडे दाखवते. ‘गाडी रोज वापरात आहे’ असे सांगणाऱ्याच्या गाडीत हा आकडा सात-आठ किलोमीटर निघाला आणि निम्म्या तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर घेणाऱ्याने सरळ प्रश्न विचारावा. अर्थात तेवढ्यावरून समोरच्याला लबाड ठरवणेही बरोबर नाही, कारण बॅटरी बदलली तरी पुष्कळ गाड्यांत हे आकडे शून्यावर येतात. आठवडाभर वापर झाल्यावर गाडी पुन्हा तपासू द्या, असे म्हणावे. त्यावर मिळणाऱ्या उत्तरातून बरेच कळते.

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या मालकांची स्थिती याहून बिकट आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते आणि साठलेली काजळी अधूनमधून सुमारे सहाशे अंश तापमानाला जाळून टाकावी लागते. महामार्गावर हे काम आपोआप होते. शाळा, बाजार आणि ऑफिस एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते अर्धवट सुटते, गाळणी तुंबत जाते आणि काजळी जाळण्यासाठी जादा फवारलेल्या डिझेलचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो. गाळणीत काजळी किती साठली आहे, हा आकडा संगणकाकडे सतत असतो. मात्र तो बहुधा कंपनीच्या खासगी सांकेतिक क्रमांकाखाली असल्याने साध्या स्कॅनरवर दिसत नाही, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागतो तो गाळणी बरीच तुंबल्यावर. हा एक आकडा चालकाला आधीच दिसला, तर तो रविवारी अर्धा तास महामार्गावर गाडी नेऊन आणील आणि सर्व्हिस सेंटरची फेरी वाचवील. तो दडवून ठेवण्याचे कोणतेही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

संगणकातील सगळेच सर्वांना खुले करावे, असे माझे म्हणणे नाही. एअरबॅग, ब्रेक आणि चोरीप्रतिबंधक यंत्रणेत लिहिण्याचा अधिकार प्रशिक्षित माणसापुरता मर्यादित असावा. हौसेखातर अ‍ॅपवरून सेटिंग बदलणाऱ्या तरुणांनी इंजिनाचे आणि वॉरंटीचे वाटोळे केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पण वाचण्याचा अधिकार वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. शिवाय लिहिण्याची काही कामे अगदी रोजची आहेत. डिझेल फवारणारा नवा इंजेक्टर बसवला की पुष्कळ गाड्यांत त्याच्यावर छापलेला सांकेतिक क्रमांक संगणकात भरावा लागतो. ते साधन नसलेल्या स्वतंत्र गॅरेजवाल्याने इंजेक्टर कितीही नीट बसवला तरी काम अपुरेच राहते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी होता: सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न देणे. त्या आदेशाला आव्हाने दिली गेली आणि प्रकरण कोर्टकचेरीत अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले व त्यात वाहनक्षेत्राचा समावेश केला. माहितीपुस्तिका तेथे पाहता येणे चांगलेच आहे, पण त्याने काजळीचा आकडा स्कॅनरवर दिसू लागत नाही.

पीयूसीचे तर काय सांगावे! पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून उभ्या गाडीचा धूर मोजला जातो आणि डिझेलमध्ये फक्त धुराचा काळेपणा पाहिला जातो, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. गाडीचा स्वतःचा संगणक महिनाभर दिवा लावून ‘माझी धूरयंत्रणा बिघडली आहे’ असे सांगत असला तरी त्याला कोणी विचारत नाही आणि प्रमाणपत्र मिळून जाते. कॅलिफोर्नियात २०१५ पासून २००० सालच्या व त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः या सोळा पिनांच्या सॉकेटमधूनच होते. तेथे दिवा लागलेला असेल, किंवा कोड नुकताच पुसल्याने स्वतपासण्या अपूर्ण असतील, तर गाडी नापास होते. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या मोटारींपुरती ही तपासणी पीयूसी केंद्रांवर जोडण्यास लागणारा खर्च फार मोठा नाही.

परिवहन विभागाने आणि ग्राहक संरक्षणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी तूर्त एवढे तरी करावे की, कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरने कोड पुसण्यापूर्वी तो कोड, त्या क्षणाचे गोठवलेले चित्र आणि स्वतपासण्यांची स्थिती छापून जॉबकार्डाला (गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदाला) जोडणे बंधनकारक करावे, आणि त्या कागदावर मालकाची सही घ्यावी. सर्व्हिस सेंटरांच्या स्कॅनरमध्ये अहवाल छापण्याची सोय बहुधा आधीपासूनच असते. तोपर्यंत वाचकांनी गाडी कामाला देताना जॉबकार्डावर स्वतःच्या हाताने ‘मला दाखवल्याशिवाय कोड पुसू नये’ असे लिहून द्यावे आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली