बोधचिन्ह झाले, पाटीचे काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात एका संस्थेच्या नव्या बोधचिन्हाची बातमी वाचली आणि आज सकाळी उठल्या उठल्या हे पत्र लिहायला बसलो. ‘सर्वसमावेशक ओळख’ असा मथळा आपण दिला आहे. चित्रात देऊळ आहे, चर्च आहे, मशिदीचा घुमट आहे, माड आहे, लाट आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चिन्हाखालचे संस्थेचे नाव मला भिंग घेऊनसुद्धा धड वाचता आले नाही, आणि मी जन्मभर अक्षरेच काढत आलो.

म्हापशात मी 34 वर्षे पाट्या रंगवल्या. शाळा, पंचायती, दवाखाने, बाजारातली दुकाने. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते, दहा फुटांवरून वाचायचे तर अक्षर इंचभर हवे, वीस फुटांवरून दोन इंच. सूत मारून शिरोरेषा आखायची, आणि रंग वाळला की रस्त्याच्या पलीकडे जाऊन स्वतः पाटी वाचून बघायची. तिथून अनुस्वार दिसला नाही तर पुसून परत काढायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

गेल्या पावसाळ्यात थोरल्या वहिनींना घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कुठले ते लिहीत नाही. वहिनींचे वय 76, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. मी स्कूटर लावेपर्यंत त्या पुढे गेल्या. तिथेही अशीच ‘नवी ओळख’ झाली होती. शेजारी शेजारी दोन खिडक्या, एकीवर ‘नवी नोंदणी’, दुसरीवर ‘नूतनीकरण’. दोन्ही पाट्या पांढऱ्या, अक्षरे फिकट राखाडी, रेघ दोऱ्याएवढी. ‘नू’चा उकार आणि ‘नों’वरचे टिंब जवळ गेल्याशिवाय कळत नव्हते. वर इंग्रजी मात्र ठळक आणि दुप्पट उंचीचे. वहिनींनी रखवालदाराला विचारले, “पुता, हांगा कितें बरयलां?” (बाळा, इथे काय लिहिलंय?) तो म्हणाला, वर लिहिले आहे, वाचा की. त्यानंतर त्यांनी कोणालाच विचारले नाही. पाऊण तास रांगेत उभ्या राहिल्या आणि खिडकीशी पोचल्यावर कळले की रांग चुकली.

घरी येताना म्हणाल्या, “म्हाका आतां वाचूंक येना.” दर श्रावणात पोथी वाचणारी बाई! पाटी ज्याने काढली त्याची चूक, आणि मान यांनी खाली घालायची. हे मला अजून सहन होत नाही.

पुतण्या संगणकावर काम करतो. त्याने त्या पाटीचा फोटो घेऊन अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक मोजला. अडीचास एक निघाला. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या मजकुराला किमान साडेचारास एक लागतो, मोठ्या अक्षरांना तीनास एक. तीच मोजपट्टी पाटीला लावली तर ही पाटी कुठल्याच हिशेबात बसत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. जानेवारी 2023 मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव आपल्याच पणजीत भरला. म्हणजे आपल्याला हे कोणी सांगितले नव्हते, असे नाही.

आता ज्यांनी हे चिन्ह काढले त्यांना कळकळीने सांगतो. रोमन आणि देवनागरी एकाच उंचीच्या पट्टीत बसवली की देवनागरी लहानच दिसते. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, मधले अक्षर आक्रसते. म्हणून देवनागरी थोडी मोठी काढायची आणि रेघेला अंग द्यायचे. पूर्वी हे हाताने करावे लागे. आता ‘मुक्ता’, ‘नोटो’ असे चांगले फाँट फुकट मिळतात, अगदी बारीक रेघेपासून जाड रेघेपर्यंत. त्यातला सगळ्यात बारीकच का निवडता? कोंकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीतच लिहायच्या आहेत, गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात दोघींची सोय आहे. अक्षर एकदा नीट काढले की दोन्ही भाषांचे काम होते. चिन्हातला लाल सूर्य हिरव्या झावळ्यांवर ठेवला आहे, तोही बदला. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत.

गोवा राज्याच्या मुद्रेवरचा वृक्षदीप मी कितीदा रंगवला आहे. त्यातली ‘सर्वे भद्राणि पश्यन्तु’ ही ओळ लहान पाटीवर भरून जाते, म्हणून मी शेवटचा हात नेहमी शून्य नंबरच्या ब्रशने फिरवायचो. पश्यन्तु, म्हणजे पाहोत. वहिनींना तर दारावरची पाटीही दिसली नाही.

चिन्ह पक्के करण्याआधी एक पाटी रंगवून शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात टांगा. भाजीवाल्या बायकांना, चष्मेवाल्या म्हाताऱ्यांना वाचायला सांगा. मी स्वतः येऊन उभा राहीन, पैसे नकोत.

आणि संपादक महोदय, आपल्या रविवार पुरवणीतले शब्दकोडे गेले दोन महिने फिकट हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत येते. आडवे-उभे शब्द वहिनींना मी वाचून दाखवतो, पण मलाही ते आता दिव्याखाली धरावे लागते. ते काळ्या शाईत छापा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पेंटर, म्हापसा